मालनच्या हातचं वजन

मालनने पदर कमरेला खोचला, बॅगेचं हँडल उजव्या मुठीत धरलं आणि डोळे मिटून बॅग जमिनीपासून वीतभर उचलली. घरातल्या सगळ्यांचं बोलणं थांबलं.

"पंचवीस," ती म्हणाली आणि बॅग खाली ठेवली.

कल्पिताने कपाळाला हात लावला. विमानात तेवीसच चालणार होतं, आणि उद्या दुपारी निघायचं होतं. तिने आपल्या आईला पुन्हा उचलून बघायला सांगितलं नाही, कारण असल्या बाबतीत मालनला पुन्हा विचारायची कोळीवाड्यात पद्धत नव्हती. तीस वर्षं ती वर्तकनगरच्या बाजारात मासळी विकत होती. पाटीशेजारी काटा असायचा, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. सुरमई हातात घेऊन ती आधी आकडा सांगायची, मग काटा तोच आकडा दाखवायचा. वाड्यातल्या बायका लसीकरणाला निघताना बाळ आधी मालनच्या हातात देत आणि तिने सांगितलेलं वजनच तिथल्या नर्सबाई पुढे कार्डावर लिहीत. मालन भावात गिऱ्हाइकाला रडवील, पण वजनात कुणाला फसवणार नाही, हे तिच्याशी भांडणाऱ्या बायकाही मान्य करत.

कल्पिताने बूट काढले, केस वाळवायचं यंत्र काढलं.

"चोवीस."

मग तिने माशांच्या रोगांवरचं जाडजूड पुस्तक काढलं. काढताना जीव खालीवर झाला, पण पुस्तक काय, मोबाइलवरही वाचता येतं.

"तेवीस. आता सुईपन टाकू नको."

कल्पिताने सुटकेचा श्वास सोडला आणि लोकरीची टोपी डोक्यावर चढवली. ठाण्यातल्या ऑगस्टच्या घामात ती दोन दिवस ही टोपी घालून घरभर हिंडत होती. आपण बावळट दिसतो हे तिला कळत होतं, तरी टोपी काढवत नव्हती. नॉर्वेच्या एका मत्स्यसंशोधन केंद्राने तिला अकरा महिन्यांसाठी बोलावलं होतं. वाड्यातलं कुणी आजवर दुबईच्या पुढे गेलं नव्हतं. शेजारची पोरं येऊन विचारत, तिकडे रात्री बारालाही ऊन पडतं हे खरं का, आणि ती जूनमध्ये फोटो पाठवायचं कबूल करी. तिचे बाबा, गुणाजी, रिक्षाच्या दर दोन फेऱ्यांनंतर घरी येऊन पासपोर्ट जागेवर आहे ना, एवढं बघून जात. आनंदाने तिला जेवणही धड जात नव्हतं.

एकच गोष्ट मनात खुपत होती. परवा मालनने फडताळातून एक पुडकं काढून तिच्यापुढे ठेवलं होतं. आत सोडे होते, जवळा होता आणि अर्नाळ्याच्या माहेराहून आणलेले बोंबील. मालनने ते स्वतः निवडून, पुन्हा ऊन दाखवून तीन-तीन पिशव्यांत बांधले होते. कल्पिताने पुडक्याला हात न लावताच सांगून टाकलं होतं, की वजनात बसणार नाही.

एखाददुसरी वस्तू काढली असती तर बसलं असतं. सुकी मासळी तिकडे न्यायला चालते, हा नियमही तिने पहिल्याच दिवशी वाचून ठेवला होता. खरी गोष्ट वेगळी होती. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा फोटो तिने पाहिला होता. पांढरंशुभ्र, चमचासुद्धा इकडेतिकडे नाही, आणि पाच देशांच्या पाच मुलींत एकच. तिथे जवळा भाजायचा या विचारानेच तिला आठवीतला वर्ग आठवे. ती बाकावर येऊन बसली की शेजारची मुलगी काही न बोलता उठून खिडकी उघडायची. त्या मुलीचं नाव कल्पिता विसरली होती, पण खिडकीच्या कडीचा आवाज विसरली नव्हती. या अकरा महिन्यांत कुणी तिच्यासाठी खिडकी उघडू नये, एवढंच तिला हवं होतं.

नवल म्हणजे मालनने हुज्जत घातली नाही. एका बांगड्यावरून अर्धा तास भांडणारी बाई पुडकं उचलून मुकाट्याने आत गेली. तेव्हा कल्पिताला बरं वाटलं होतं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलं. मालनच्या शेजारी बाजारात बसणारी आवडाबाई औक्षणाचं ताट घेऊन आली. कल्पिताचा मामेभाऊ विनीत गाडी घेऊन आला आणि येताना बॅगा मोजायचा हूकचा काटा मित्राकडून मागून घेऊन आला. आत्याचा हात मशीनपेक्षा पक्का आहे, हे त्यालाही ठाऊक होतं, पण काटा आणलाच आहे तर लावून बघू, असं त्याचं म्हणणं पडलं.

त्याने हूक अडकवला, दोन्ही हातांनी बॅग उचलली आणि आकड्याकडे बघत राहिला.

"एकवीस दाखवतोय."

कुणीतरी हसलं. काटाच बिघडला असणार. विनीतने पाण्याचा पाच लिटरचा कॅन भरून लावला, तर काट्याने बरोबर पाच किलो आणि वर कॅनचं थोडंसं दाखवलं. पुन्हा बॅग लावली. एकवीस.

आवडाबाईने ताट खाली ठेवलं. तीस वर्षांत तिने असं काही पाहिलं नव्हतं, आणि तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, काळजी होती.

"मालन, तुजा हात गेला का गो?"

उद्या सकाळी हा प्रश्न सगळ्या बाजारात फिरणार, हे मालनला कळत नव्हतं असं नाही. तिने कानाजवळची बट मागे सारली आणि फडताळाकडे पाहिलं. क्षणभरच पाहिलं, पण कल्पिताने ते टिपलं.

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंचवीस नव्हतेच. सुरुवातीलाच बॅग तेवीसची होती. बूट गेले, यंत्र गेलं, पुस्तक गेलं, आणि नेमकी दोन किलोंची जागा झाली. तीस वर्षं गिऱ्हाइकाला तोळाभर न फसवणाऱ्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा वजनात मारलं होतं, तेही पोटच्या पोरीला. वर आता चारचौघींत हात गेल्याचं ऐकून घेत होती आणि तोंड उघडत नव्हती.

कल्पिताला हसू आलं आणि ती बॅगेपाशी खाली बसली.

"आये," ती म्हणाली, "आण."

"काय आनू?"

"दोन किलो."

मालन आत गेली आणि पुडकं घेऊन आली. विनीतने काटा पुढे केला.

"नको," कल्पिता म्हणाली. "आयेने मोजलंय."

तिने बॅगेची चेन उघडली. कपडे बाजूला सारून पुडकं मधोमध ठेवलं आणि आपली टोपी त्याच्यावर दाबून बसवली. चेन ओढता ओढता, मान वर न करता ती बोलली.

"चालतं ते तिकडे. मी वाचलेलं. तुला बोलले नाही."

"मना ठाव हाय. विनीतला मोबाइलवर बघायला लावलंवतं." मालन गुडघा टेकून शेजारी बसली आणि चेन अडत होती तिथे तिने बॅग दाबून धरली. "तूच मना तिकडचा फोटू दाखवलास ना? त्यांच्याकडंबी मासं सुकवायच्या वलांड्या हायत. लाकडाच्या, आपल्या बांबूच्या. मासं टांगल्यात वर. मंग त्यांची खिडकी कोन उघडतं?"

कल्पिताचा हात चेनवर थांबला. खिडकीची गोष्ट तिने घरी कधीच सांगितली नव्हती.

"माझे बूट पण काढायला लावलेस तू," ती शेवटी म्हणाली.

"बूट तिकडं मिलतात."

गुणाजीने पासपोर्ट अकराव्यांदा बघितला. औक्षण झालं, पोरांनी जूनच्या फोटोची आठवण करून दिली आणि विनीतने गाडीची डिकी उघडून बॅगेला हात घातला. मालनने त्याला बाजूला केलं. तिने बॅग एका मुठीत उचलली आणि डिकीत ठेवण्याआधी क्षणभर डोळे मिटून तशीच उभी राहिली.

"किती?" कल्पिताने विचारलं.

"तेवीस," मालन म्हणाली. दारातल्या आवडाबाईलाही ऐकू जावं इतक्या मोठ्याने म्हणाली. मग बॅग आत ठेवून, डिकी लावून, पोरीच्या कानाशी आली.

"या वख्ताला खरं सांगतंय."