डावीकडचा बाण

मित्रांनो, आधीच एक कबूल करतो. मला रस्ता ठाऊक नाही. मी एक जुना लाकडी फलक आहे आणि माझ्या अंगावर डावीकडे वळलेला एक बाण आहे, एवढेच मला खात्रीने सांगता येते.

बाकी माझ्या आयुष्यात गोंधळच फार. मी मुळात एका मोडक्या टेबलाची फळी. विद्यापीठाच्या सुताराने मला कापले, रंधा मारला आणि रंगाऱ्याच्या हवाली केले. रंगाऱ्याने निळ्या अक्षरांत लिहिले, 'पीएच.डी. विद्यार्थी मदत कक्ष'. मग त्याने विचारले, "बाण कुठे दाखवू?" लिपिकबाई फोनवर होत्या, त्यांनी नुसता हात डावीकडे केला. तेव्हा ते बरोबर होते. मला पहिल्या मजल्यावर जिन्यासमोर ठोकले आणि तीन वर्षे मी मोठ्या ऐटीत राहिलो. धापा टाकत वर आलेली मुले मला बघून "हां, सापडलं" म्हणायची. हे सगळे विद्यापीठ माझ्यामुळेच चालले आहे, असे मला वाटायचे.

मग एका सुट्टीत मदत कक्ष उजवीकडच्या टोकाला हलला आणि त्याच्या जुन्या खोलीत भांडार आले. खडूच्या पेट्या, कोऱ्या उत्तरपत्रिका, पाय गेलेल्या खुर्च्या. मला कोणी काही सांगितले नाही. मला उलटे लावावे, तर अक्षरे डोक्यावर उभी राहतात. शेवटी फलक बदलण्याचा अर्ज निघाला. तो घेऊन मदत कक्षाकडे निघालेला शिपाईसुद्धा मला वाचून डावीकडेच गेला. पुढे त्या अर्जाचे काय झाले, देव जाणे.

चुकलेली मुले परत येताना मला शिव्या घालणार, असे मी धरून चाललो होतो. काहींनी घातल्याही. पण बरीचशी शांत चेहऱ्याने यायची. काही तर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा यायची आणि माझ्याकडे न बघताच डावीकडे वळायची. भांडारात असे होते तरी काय? खडू? माझे डोकेच चालेना.

एका शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला एक मुलगी वर आली. छातीशी फाइल धरलेली. माझ्याखाली उभी राहून ती फोनवर भावाशी बोलत होती. "दादा, आमचे सर नोकरी सोडून गेले रे. आज पाचच्या आत नव्या मार्गदर्शकाचं संमतिपत्र दिलं नाही, तर माझी नोंदणी रद्द. सहा वर्षं पाण्यात. कोणाला विचारू? जो तो म्हणतो, दुसरीकडे विचार." तिने डोळे पुसले, मला वाचले आणि डावीकडे गेली.

मला तोंड असते तर ओरडलो असतो. वीस मिनिटांनी ती धावत आली आणि पायऱ्या गाळत जिना उतरून गेली. त्यानंतर ती दिसलीच नाही. तिची शेवटची वीस मिनिटे मी खाल्ली, हे माझ्या मनाला लागून राहिले.

दीड वर्षाने पत्र्याचा नवा फलक आला. त्याचा बाण उजवीकडे. मला काढून भांडारात टाकले. जन्मभर लोकांना जिकडे धाडले, तिथे मी स्वतः पहिल्यांदाच पोहोचलो.

तिथे होते भांडारकाका. त्यांच्या टेबलासमोर एक धड खुर्ची आणि टेबलावर एक जाड वही. चुकून आलेल्याला काका आधी बसवायचे आणि विचारायचे, "कुठे अडलंय?" मग वहीत बघून सांगायचे. कोणती सही कोण करते, कोणत्या साहेबांना जेवणाआधी गाठायचे, कोणत्या खिडकीवर आधी झेरॉक्स मागतात. त्यांची अट एकच. काम होवो न होवो, परत येऊन सांगून जायचे. जो जे सांगेल ते पुढच्यासाठी वहीत चढायचे.

आता मात्र ती खुर्ची रिकामी राहू लागली. बाण बरोबर लागला आणि माणसे यायची थांबली. याला चांगले म्हणावे की वाईट, मला कळेना.

गेल्या महिन्यात ती आली. तीच, फाइलवाली. हातात काळ्या बांधणीचा जाड प्रबंध.

"काका, झालं. पीएच.डी. मिळाली."

काकांनी चष्म्यावरून बघितले. "त्या दिवशी संमतिपत्राचं काय झालं गं?"

"तुम्ही ज्या बाईंकडे पाठवलंत ना, त्यांनी अर्धा तास झापलं आणि मग सही दिली. पाचला दहा मिनिटं होती."

"मग सांगायला का नाही आलीस?"

"पुढे दोनदा काम अडलं. लाज वाटली. म्हटलं, पूर्ण झाल्यावरच तोंड दाखवावं."

काकांनी वही उघडली. तिच्या ओळीपुढची जागा कोरी होती. "अडलं तेच तर सांगायचं असतं, बाळा. तुझ्यामागून अगदी तुझ्यासारखीच एक आली होती. तिला बाईंकडे पाठवू की नको, मला कळेना. तुझं काय झालं ते माहीत नव्हतं. मी नाही पाठवलं. तिने पीएच.डी.तून नाव काढून घेतलं."

तिने खुर्चीवर बसून वही स्वतःकडे ओढली. मग तिने पेन घेऊन कोऱ्या जागेत लिहिले, 'बाई झापतात, पण घेतात. घाबरू नका.' आणि विचारले, "तिचा नंबर आहे?"

काकांनी वहीतच शोधून दिला. पलीकडून कोणीतरी हॅलो म्हणाले. "तू मला ओळखत नाहीस," ती म्हणाली, "पण माझं तुला एक सांगायचं राहून गेलं."

जाताना तिने मला भांडाराच्या दारावर टांगले. माझा बाण आता भिंत दाखवतो. तरी मला वाचून रोज दोघे-तिघे आत डोकावतात आणि काका त्यांना बसवतात. म्हणजे मी चुकीचा आहे की बरोबर, हे मला अजून उमगलेले नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या फळीवर फार विसंबू नका. माणसाला विचारा. आणि ज्याने सांगितले, त्याला पुढे काय झाले ते सांगून जा, अडले असेल तरी जा. काकांच्या वहीत अजून पुष्कळ जागा कोऱ्या आहेत.