सहा वर्षांनी समाचाराला

"आपा, तुमचे पाहुणे गेले वाटतं?" भट्टीवाल्या रमजानने गरम रोट्या कागदात गुंडाळत विचारलं.

मी मागे वळून पाहिलं. आमच्या फाटकाशी खुर्ची नव्हती. खुर्चीवरचा शिपाई नव्हता, गल्लीच्या तोंडाशी उभी असणारी गाडीही नव्हती. यांच्या नजरकैदेची सहा वर्षं टेकून टेकून शिपायांच्या पाठींनी भिंतीवर तेलकट डाग पाडला होता, तेवढा मागे राहिला होता.

घरी येऊन यांना सांगितलं. हे अंगातल्या सैल फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून खिडकीशी बसले होते.

"चाल असेल काहीतरी," हे म्हणाले.

"चाल कसली? कंटाळले असतील. आपण नाही का कंटाळलो?"

मग हे वाट पाहत बसले. एके काळी यांनी, सनाउल्ला ट्रांबूंनी, बंदची चिठ्ठी काढली की निम्म्या श्रीनगरची दारं मिटायची, दुसरी काढली की उघडायची. आमच्या उंबऱ्याशी चपलांचे ढीग पडत, चहाचा समोवार थंड म्हणून होत नसे. आज मी मुद्दाम समोवार पेटवला. निखाऱ्यांची राख झाली. फोन वाजला नाही. दुपारी एक माणूस आला, तो विजेचं मीटर बघायला.

"चला," मी म्हणाले, "मुगलीकडे जाऊन येऊ."

यांनी मान वर केली नाही. "आजच कशाला? उद्या बघू."

"आता कोण अडवतंय तुम्हाला?"

मुगली दोन गल्ल्या पलीकडे, नदीच्या काठाला राहते. नवरा नाही, पश्मिन्याचं सूत कातून पोट भरते. तिचा एकुलता एक तौसीफ सहा वर्षांपूर्वी यांनी हाक दिलेल्या मोर्च्यात गेला आणि गोळी लागून गेला. मरणाच्या घरी चौथा दिवस उलटायच्या आत जायचं असतं. मी गेले होते. बायकांच्या आक्रोशात तिने माझं मनगट धरून विचारलं होतं, "ते नाही आले?" मी म्हणाले होते, "पोलीस सोडत नाहीत गं."

हे उठले. टोपी झटकली, पुन्हा झटकली, आणि निघाले.

गल्लीत चिनाराची पानं साचली होती, पायाखाली चुरचुरत होती. दोघा जणांनी यांना सलाम केला. बाकीच्यांना एकाएकी आपापल्या दुकानात काम आठवलं. तांब्याची भांडी ठोकणारा म्हातारा लस्सा मात्र हातोडी थांबवून मोठ्याने म्हणाला, "साहेब, आधीच सांगून ठेवा. उद्या दुकान उघडायचं, की मिटायचं?"

कुणीतरी हसलं. हे थांबले. मला वाटलं, आता बोलतील; बोलण्यात यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण हे नुसतं म्हणाले, "उघड रे, लस्सा." आणि पुढे चालू लागले.

मुगलीच्या जिन्यावरच तिचा आवाज आला. चरख्यापाशी ती स्वतःशीच गुणगुणत होती:

*फिर रे चाका, फिर हळू, तार माझी तुटेल,*
*वाटेकडे बघू नको, वाट किती पुरेल?*

आम्हाला पाहून चाक थांबलं. तिने चटई सरकवली. हे बसले, घसा साफ केला.

"बहिणी, तुझा मुलगा आपल्या साऱ्या कौमचा—"

"साहेब," ती म्हणाली, "इथे गर्दी नाही. मी एकटीच आहे."

 हे हळूच म्हणाले, "यायचं होतं गं. पण दाराशी पहारा..."

"पहारा नवव्या दिवशी बसला." तिच्या आवाजात राग नव्हता, शिळा झालेला थकवा होता. "आठ दिवस तुमचं दार उघडं होतं. जो येई त्याला मी विचारत होते."

मी मान खाली घातली. मलाही ते ठाऊक होतं.

नदीवरून नावाड्याची हाळी आली आणि विरली. मग यांचा आवाज आला. पस्तीस वर्षांच्या संसारात मी तो कधी ऐकला नव्हता.

"भ्यालो होतो, मुगली. पोलिसांना नाही. तुला. मी बोलावलं म्हणून तो गेला. मी त्याला पाहिलंही नव्हतं कधी. पहारा बसला तेव्हा मला... बरं वाटलं."

मुगलीने यांच्याकडे पाहिलं. माफ केलं असं म्हणाली नाही. शापही दिला नाही. खुंटीवरची सुताची लड काढली आणि म्हणाली, "हात पुढे करा. हे काम एकटीने होत नाही. तो धरायचा."

यांनी दोन्ही हात पुढे केले. तिने लड मनगटांवर चढवली, टोक शोधलं आणि धाग्याचा गुंडा वळायला लागली. सूत इतकं बारीक की उन्हात दिसे, सावलीत नाहीसं होई.

यांचा उजवा खांदा पूर्वी तुरुंगात असताना निखळलेला. तो खाली येऊ लागला.  मी पुढे सरसावले, "आणा इकडे, मी धरते."

यांनी मान हलवली. तीही थांबली नाही.

"जरा वर," ती म्हणाली.

यांनी हात वर केले.