सोनाबाईंच्या पानावरचा तुटलेला दुवा

धम्मप्रिया कसबे सोलापुरात एका विमा कार्यालयात काम करायची. सकाळी डबे भरून झाले की ऑफिसला निघेपर्यंत जो वेळ मिळायचा, त्यात ती मराठी विकिपीडियावरचे तुटलेले दुवे दुरुस्त करत बसायची. लेखातल्या विधानाला पुरावा म्हणून खाली एखाद्या बातमीचा दुवा दिलेला असतो. वर्तमानपत्राची वेबसाइट बंद पडली की तो दुवा काही उघडत नाही. मग त्याच्याशेजारी 'मृत दुवा' अशी खूण करायची, त्या पानाची जुनी प्रत इंटरनेटच्या संग्रहात कुणी जपली आहे का ते शोधायचं आणि सापडली तर जोडून द्यायची. सोलापूर जिल्ह्याची पानं तिनं आपणहून अंगावर घेतली होती.

त्यातलंच एक पान सोनाबाई म्हेत्रे यांचं. मंद्रूपच्या सोनाबाई तरुणपणी जिल्ह्याच्या खो-खो संघाच्या कप्तान होत्या. हे पान धम्मप्रियानं पूर्वी वाचलं होतं आणि त्यातला एक परिच्छेद तिच्या डोक्यात घर करून बसला होता. विभागीय स्पर्धेत यजमानांनी संघातल्या एका बौद्ध मुलीला जेवायला वेगळं बसवलं, तेव्हा सोनाबाई ताटावरून उठल्या, त्यांच्यामागे संघ उठला, आणि दुसऱ्या दिवशी यजमान माफी मागेनात म्हणून संघ अंतिम सामन्याला मैदानात उतरलाच नाही.

या वेळी पान उघडलं तर तो परिच्छेद गायब. फक्त 'त्यांचा संघ उपविजेता ठरला' एवढी ओळ उरलेली. तिनं पानाचा इतिहास पाहिला. महिपती नावाच्या संपादकानं मजकूर काढला होता आणि कारणही नोंदवलं होतं, 'स्रोत उघडत नाही.' दुवा 'भीमातीर' या सोलापूरच्या बंद पडलेल्या दैनिकातल्या सोनाबाईंच्या मुलाखतीचा होता. त्याच्या वेबसाइटचा पत्ता आता दुसऱ्याच कुणीतरी घेतला होता. धम्मप्रियानं दुवा उघडला तेव्हा समोर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात आली.

तिनं लेखाला जोडलेल्या चर्चापानावर लिहिलं, 'हा मजकूर खरा आहे. मी मूळ मुलाखत वाचली होती.'

संध्याकाळी महिपतींचं उत्तर आलं. 'ताई, मला तुमच्यावर शंका नाही. पण उद्या कुणीही येऊन 'मी वाचलं होतं' म्हणेल. यजमानांवर एवढा गंभीर आरोप आहे, तो पुराव्याशिवाय कसा ठेवायचा? स्रोत द्या, मी स्वतः परत ठेवतो.'

तिला राग आला, आणि माणूस बरोबर बोलतोय हेही कळलं. तिनं ठरवलं, हा दुवा जिवंत केल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

इंटरनेटच्या संग्रहात 'भीमातीर'ची थोडी पानं होती, पण ही मुलाखत नव्हती. शेवटी रविवारी ती एसटीनं मंद्रूपला गेली. सोनाबाईंचं घर विचारायला वेळ लागला नाही. त्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. साठी ओलांडली तरी पाठ ताठ होती. विकिपीडिया म्हणजे काय, त्यावर आपलं पान आहे, हे सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग त्यात काय अडलंय?" त्या म्हणाल्या. "मी हाय की हितं जित्ती. मी सांगते, तू लिही."

"तसं चालत नाही, मावशी. छापून आलेलं दाखवावं लागतं."

"मी उठले ताटावरनं, आन् माजंच सांगणं चालत न्हाय?"

"नाही चालत."

सोनाबाईंनी हातातली शेंग सुपात टाकली. "कागूद जपायची सवय न्हाय आमाला. पेपर आला, चार जणींनी वाचला, कुटंतरी गेला. पर शालन बनसोडे खरी, तिचं वेगळं ताट खरं. आमी समद्या उठलो तेबी खरं."

त्यांच्या हातचा चहा पिऊन धम्मप्रिया निघाली. परतीच्या एसटीत तिनं मोबाइलवर तो मेलेला दुवा पुन्हा काढला. दुवा उघडत नव्हता, पण त्याचा पत्ता तर होता. त्यात वर्ष, महिना आणि तारीख आकड्यांत लिहिलेली होती. इतके दिवस ती पत्त्यामागचं पान शोधत होती, पत्ता तिनं नीट वाचलाच नव्हता.

ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती शहरातल्या जुन्या वाचनालयात गेली. तिथले ग्रंथपाल शिवयोगी हिरेमठ यांनी 'भीमातीर'चा त्या महिन्याचा बांधलेला गठ्ठा काढून दिला. त्या तारखेचा अंक तिनं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत पाहिला. आदल्या दिवसाचा पाहिला, नंतरचा पाहिला. मुलाखत नव्हती.

"नसेल मॅडम," शिवयोगी म्हणाले. "वेबसाइटवर काहीबाही जास्तीचं टाकायचे ते लोक."

ती उठली नाही. मुलाखत मोठी होती, फोटोसकट होती. असा मजकूर रोजच्या बातम्यांत कशाला घालतील?

"रविवारची पुरवणी निघायची का यांची?"

"निघायची की. पण पुरवण्या वेगळ्या बांधल्यात. त्या माळ्यावर आहेत, आणि तिथं धूळ लई आहे."

"असू दे. मी चढते."

शिवयोगींनी शिडी आणली आणि खालून धरली. पुरवण्यांचे गठ्ठे महिन्यांच्या क्रमानं नव्हते, त्यामुळे एकेक उतरवून पाहावा लागला. दुपार कलली तेव्हा दुव्यातल्या तारखेच्या आधीच्या रविवारची पुरवणी हाती आली. आतल्या पानावर सोनाबाईंचा फोटो होता. आधी कागदावर छापून मग वेबसाइटवर चढवलं होतं, म्हणून तारीख पुढची पडली होती.

तिनं तिथंच उभ्यानं मुलाखत वाचली. ताट होतं, शालन बनसोडे होती, न झालेला सामना होता. उपविजेतेपद मात्र नव्हतं. संघाला स्पर्धेतून बाद केलं होतं. आणखी एक वाक्य होतं, जे ती साफ विसरली होती. सोनाबाईंनी तेव्हा सांगितलं होतं, 'दोघी मात्र ताटावर बसून राहिल्या.' त्यांची नावं दिली नव्हती.

तिनं पानाचे फोटो काढले आणि बाहेर येऊन मंद्रूपला फोन लावला.

"मावशी, मुलाखत मिळाली. पण त्यात लिहिलंय, दोघी उठल्या नव्हत्या."



"व्हय," सोनाबाई म्हणाल्या. "बसल्या व्हत्या. एकीचं लगीन त्याच गावात ठरलं व्हतं. दुसरी लई भित्री. आता दोगीबी न्हाईत. मेलेल्या माणसाचं कशाला काढायचं, म्हून म्या समद्या म्हणाले."

"मला ते लिहावं लागेल. नावं नाहीत, ती नाहीच लिहायची. पण सगळा संघ उठला, असं आता लिहिता येणार नाही."

"मग कर की तसं. पर लिवल्यावर काय लिवलंय ते मला वाचून दाखव."

त्या संध्याकाळी धम्मप्रियानं परिच्छेद नव्यानं लिहिला. 'दोघी वगळता संघातल्या सर्व खेळाडू उठल्या.' उपविजेतेपदाची ओळ तिनं काढून टाकली. खाली दैनिकाचं नाव, पुरवणी, तारीख आणि पृष्ठ क्रमांक दिला. जुना दुवा जुगाराच्या पानावर नेत होता, तो परत दिलाच नाही. पुरवणीच्या पानाचे फोटो तिनं महिपतींना पाहायला पाठवले.

सकाळी पाहिलं तर मजकूर जागेवर होता. महिपतींनी त्यात एक शुद्धलेखनाची चूक तेवढी सुधारली होती आणि चर्चापानावर लिहिलं होतं, 'ताई, धन्यवाद. 'भीमातीर'चे असे बिघडलेले दुवे आणखी बऱ्याच पानांवर आहेत. त्या पुरवण्या वाचनालयात आहेत म्हणता, तर ते काम आपण वाटून घेऊ या का?'

'घेऊ या,' तिनं लिहिलं. 'वाचनालय मी बघते.'

मग तिनं मंद्रूपला फोन लावला आणि सगळं पान सावकाश वाचून दाखवलं. पान संपल्यावर त्यांनी विचारलं,

"शालनचं नाव आलं?"

"आलं, मावशी. आडनावासकट."

"बरं झालं. ती लातुराकडं असती लेकीपाशी. तिला फोनवर दिसंल का हे?"

"दिसेल की. नंबर द्या, मी पाठवते त्यांना."

सोनाबाई नंबर आठवून एकेक आकडा सांगू लागल्या.