डाव्या दाराचा नकाशा

क्लबाकडून आलेलं पाकीट बाबांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून उघडलं. आत ताटाएवढे दोन गोल स्टिकर होते. पांढऱ्यावर काळा आकडा, ३८. सोबत नियमांचा कागद. नियम चौथा असा होता, की फेरीत भाग घेणाऱ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही दारांवर क्रमांक लावलेला असलाच पाहिजे.

"दारांवर," बाबा म्हणाले. "काचेवर नाही, बंपरवर नाही. थेट दारांवर! त्यापेक्षा माझ्या कपाळावर लावा म्हणावं."

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्याकडे बावन्न वर्षांची फिकट हिरवी गाडी आहे. तिला ते बाईसाहेब म्हणतात. "या घरात बाईसाहेब एकच, आणि ती शेडमध्ये राहते," असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्यागेल्याला सांगतात.

जुन्या गाड्यांच्या क्लबाची फेरी दरवर्षी निघते. शनिवारी मैदानातून निघून शहराभोवती चक्कर, रविवारी त्याच मैदानात प्रदर्शन. सहा वर्षं बाबांनी आमंत्रण नाकारलं ते केवळ स्टिकरपायी. दातांच्या डॉक्टरांच्या गाडीवर एकदा १२ नंबर लागला होता. स्टिकर निघाला, आकडा राहिला. "चार वर्षं झाली, डॉक्टरांचे बारा वाजलेलेच आहेत," असं बाबा कळवळून सांगत, पण सांगताना त्यांचा चेहरा उजळलेला असे. या वर्षी मात्र क्लबानं त्यांच्या गाडीला पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या पुढे जागा दिली होती. मोह मोठा होता.

"सूनबाई," ते माझ्याकडे वळले, "तुम्ही डिंकातल्या. तुम्हीच काय ते सांगा."

मी औषधांच्या बाटल्यांवरच्या लेबलांचा डिंक तपासते. किती जोर लावला की लेबल निघतं, किती दिवसांनी निघत नाही, हे मोजणं हे माझं काम. लग्नाला सात महिने झाले होते आणि बाबा माझा उल्लेख अजून 'शत्रुपक्षातली मुलगी' असाच करत. त्यामुळे हा प्रश्न म्हणजे बढतीच होती.

मी सांगितलं की डाग दोन प्रकारे पडतो. डिंक उन्हात मऊ होऊन जुन्या रंगात मुरतो, हा एक. दुसरा म्हणजे भोवतालचा रंग विटतो आणि स्टिकरखालचा तसाच राहतो. दोन दिवसांत रंग विटणार नाही, तेव्हा प्रश्न फक्त डिंकाचा आहे. डिंक रंगाला लागूच द्यायचा नाही. चुंबकाचा पातळ पत्रा मिळतो, रबरासारखा लवचिक. स्टिकर त्याला चिकटवायचा आणि तो पत्रा दाराला लावायचा. दार लोखंडाचं आहे, ते धरून ठेवील. दार आणि पत्रा दोन्ही आधी स्वच्छ पुसायचे, म्हणजे मध्ये धुळीचा कण अडकून ओरखडा येणार नाही. संध्याकाळी काढून ठेवायचा.

बाबांनी नियम चौथा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "हे सहा वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितलं?"

"सहा वर्षांपूर्वी मी या घरात नव्हते."

"ती तुमच्या नवऱ्याची चूक," बाबा म्हणाले.

जाहिरातीच्या पाट्या करणाऱ्या दुकानातून मी पत्रा आणला. पत्र्याचे दोन चौकोन कापले, कोपरे गोल केले, स्टिकर चिकटवले. सगळं घर शेडमध्ये जमलं. उजव्या दारावर ३८ असा चपकन बसला की बाबांनी टाळी वाजवली.

डाव्या दाराकडे जाताना ते म्हणाले, "हे दार बघा, सूनबाई. उजवं जरा विटलंय, पण हे! कारखान्यातला हात आहे हा. असं काम आता होत नाही."

मी पत्रा लावला. तो सरकला, खाली आला आणि माझ्या पावलावर पडला.

पुन्हा लावला. पुन्हा पडला.

"उष्णता," बाबा म्हणाले. "या बाजूला ऊन येतं. उन्हानं चुंबक दमतो."

"पॉलिश," आई त्याच क्षणी म्हणाल्या. "किती पॉलिश घासता हो! माशी बसली तरी घसरेल."

दोघं एकदमच बोलले होते. दोघांनी एकमेकांकडे चमकून पाहिलं आणि लगेच मान डोलावली. हो, ऊनच. हो, पॉलिशच.

माझा नवरा म्हणाला, "पत्राच बिघडलेला असेल." तो पत्रा घेऊन घरात गेला आणि तिथूनच ओरडला, "फ्रिजला मस्त बसतोय!"

मला उत्तर ठाऊक होतं. चुंबकाला ऊन कळत नाही, निदान एवढं ऊन तरी नाही, आणि पॉलिशचा थर असून असून किती असणार? त्याला फक्त लोखंड किती दूर आहे ते कळतं. तिथे रंगाखाली लोखंड नव्हतं, किंवा खूप आत होतं. पोचा आलेल्या गाडीचा खड्डा पेंटर पुट्टी भरून बुजवतात, वर रंग देतात. डोळ्याला काही दिसत नाही. पण मी तोंड उघडायच्या आत आईंनी माझं मनगट धरलं. "दूध उतू जातंय," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघरात गॅसवर काहीच नव्हतं.

"तुला कळलंय," आई म्हणाल्या.

"पुट्टी आहे."

त्या स्टुलावर बसल्या. "अठ्ठावीस वर्षं झाली. हे चार दिवस कामासाठी बाहेरगावी होते. शाळेतून निरोप आला, तुझ्या नवऱ्याला ताप भरलाय. मी गाडी काढली. तेव्हा चालवायचे मी, चांगली चालवायचे. येताना शाळेच्या फाटकाच्या खांबाला घासली. पेंटरनं दोन दिवसांत दार असं केलं की मलाच ओळखू येईना. यांनी आल्या आल्या त्या दारावरून हात फिरवला आणि म्हणाले, बघ, कसं नव्यासारखं आहे अजून."

"मग तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगणार होते. पण ते रोज त्याच दाराचं कौतुक करायला लागले. आज सांगू, उद्या सांगू करता करता राहूनच गेलं. मग मी गाडी चालवणंच सोडलं. म्हटलं, डोळे दुखतात. अगं, माझे डोळे गिधाडासारखे आहेत!" त्यांनी पदराला हात पुसले, कोरडे असूनही. "यांना कळलं तर त्यांचं ते कारखान्यातला हात, कारखान्यातला हात... माणूस कोलमडेल गं. काहीतरी कर. पण ते दार बोलायला नको."

म्हणजे आता मला रंग तर वाचवायचाच होता, शिवाय डाव्या दारावर आकडा असा बसवायचा होता की बाबांना का, कसं, हे विचारावंसं वाटू नये. फेरीला पाच दिवस होते.

बाबा बाजारात गेले की मी शेडमध्ये जाई. फ्रिजवरचा एक छोटा चुंबक मऊ फडक्यात गुंडाळला होता. दारावर वर्तमानपत्र धरायचं, चुंबक वरून फिरवायचा, जिथे ओढ लागत नाही तिथे कागदावर पेन्सिलीनं टिंब काढायचं. तीन दिवसांत दाराचा पुरता नकाशा तयार झाला. तो मी जेवणाच्या टेबलावर पसरला आणि आईंना बोलावलं.

"हँडलखाली, मागच्या बाजूला, हा एक भाग. बशीएवढा."

"हो. तिथेच खांब लागला होता."

"आणि पुढे, बिजागरीजवळ हा दुसरा. पपईएवढा आहे. दोन्हींच्या मधून ही तिरकी पट्टी जाते, तेवढंच मोकळं लोखंड."

आई नकाशावर वाकल्या. चष्मा न लावता त्यांनी तो दोनदा पाहिला.

"माझा एकच होता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फोन उचलला. पेंटर आता सत्तरीचे आहेत, पण नंबर तोच. आईंनी नमस्कार चमत्कार केला नाही. "डाव्या दाराला पुढे कुणी पुट्टी भरली?"

पलीकडून बराच वेळ खोकल्याचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता.

"वहिनी, मी शब्द दिला होता."

"मलाही दिला होतात."

"हो, दोघांनाही दिला. साहेबांचा आधी, तुमचा तीन महिन्यांनी. तुम्ही गाडी घेऊन आलात तेव्हा मी दार बघूनच घाबरलो, म्हटलं आता माझी आधीची पुट्टी निघते की काय. वहिनी, माझा धंदाच झाकायचा आहे. उघडं पाडायचं काम मी कधी केलं नाही."

आईंनी फोन ठेवला. मला वाटलं त्या रडतील, किंवा ओरडतील. त्यांनी नकाशाची नीट घडी केली आणि विचारलं, "तिरका लावला तर बसेल?"

मी सामान तोलायच्या काट्यानं मोजून ठेवलं होतं. आकडा सरळ लावला तर पत्रा आपल्याच वजनानं घसरत होता. अरुंद कापून, पट्टीच्या दिशेनं तिरका लावला तर तो सुटायला सव्वादोन किलोची ओढ लागत होती. वाऱ्याला तेवढं पुरेसं होतं.

"बसेल. पण बाबा विचारतील."

"विचारू दे की."

शनिवारी सकाळी मी दोन्ही आकडे लावले. उजवीकडचा ३८ ताठ उभा होता. डावीकडचा उशीवर डोकं टेकल्यासारखा कलंडला होता.

"हे काय?" बाबा म्हणाले. "सरळ करा."

"सरळ केला तर पडेल, बाबा."

"का पडेल? आज तर ऊनही नाही."

आपलीच उन्हाची सबब आपण मोडली हे त्यांना कळलं, पण उशिरा. आई दारातून आल्या. पायांत कॅनव्हासचे बूट होते, केस घट्ट बांधलेले.

"हँडलखाली पुट्टी आहे," त्या म्हणाल्या. "माझी. शाळेच्या फाटकाचा खांब. तुम्ही बाहेरगावी होता."

माझा नवरा मध्ये पडायला पुढे सरसावला, मी त्याचा सदरा धरला.

"तू?" बाबा म्हणाले. "माझ्या दाराला? आणि इतकी वर्षं एक शब्द—"

"बिजागरीजवळही आहे. ती कुणाची?"

बाबांच्या हातात पॉलिशचं फडकं होतं. त्यांनी त्याची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली.

"शेडचा खांब," ते म्हणाले.

"कुठल्या शेडचा?"

"आपल्याच."

आम्ही सगळ्यांनी शेडच्या खांबाकडे पाहिलं. तो आमच्यापासून चार फुटांवर उभा होता.

"तेव्हा तो जरा बाहेर होता," बाबा म्हणाले.

माझ्या नवऱ्याला हसू आवरेना, तो टायर तपासायला म्हणून खाली बसला. आई मात्र हसल्या नाहीत. "मी तुमची बाईसाहेब बाटवली म्हणून अठ्ठावीस वर्षं मागच्या सीटवर बसले. भाजी आणायला रिक्षा केली. आणि तुम्ही आधीच बाटवून बसला होता." त्यांनी हात पुढे केला. "चावी."

"आज? अगं, आज पहिल्या रांगेत आहोत आपण!"

"मग बरंच आहे. पहिल्या रांगेत पुढे कुणी नसतं. धडकायला काही नाही."

बाबांनी खिशात हात घातला आणि तो तिथेच ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकाशा पाठीमागे धरला होता. मग त्यांनी चावी काढून आईंच्या तळहातावर ठेवली.

मैदानापर्यंतच्या वाटेवर गाडी दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा आईंनी न बोलता पुन्हा चालू केली. बाबा डावीकडे बसले होते. आम्ही दोघं मागे. मैदानात बिल्ला लावलेला एक स्वयंसेवक डाव्या दाराशी आला. दातांचे डॉक्टर त्यांच्या बारा वाजलेल्या गाडीला टेकून आमच्याचकडे पाहत होते.

"काका, हा आकडा वाकडा लागलाय. सरळ करतो हं."

"हात लावू नका!" बाबा खिडकीतून ओरडले. "लोखंड तेवढंच आहे. बाकी पुट्टी आहे."

डॉक्टर टेकलेले सरळ झाले. "पुट्टी? अहो, पण तुम्ही तर म्हणायचात..."

"उजवं दार बघा, डॉक्टर," बाबा म्हणाले. "जे सांगायचं ते मी उजव्या दाराबद्दल सांगतो."

निशाण खाली आलं. आईंनी गिअर टाकला. खालून असा करकराट झाला की पुढे उभे असलेले चार लोक बाजूला झाले. बाबांचा हात आपोआप डॅशबोर्डवर गेला, ओठ हलले, आणि त्यांनी ते घट्ट मिटून घेतले.