मुबश्शीरसाठी दोन विमानं

"भाबी, हे कुणालाच पटायचं न्हाई, पण तुमच्या मुबश्शीरपायी मी सरकारला जागेवरून उठवलं," असं म्हणत म्हातारा सोनाजी जवळा बाजार गावातल्या अख्तरीभाबीच्या ओट्यावर टेकला. भाबीचा मुलगा मुबश्शीर परदेशात ज्या शहरात क्रेन चालवत होता, तिथं चार दिवसांपासून बाँब पडत होते. सरकारी विमान न्यायला येईल, एवढाच त्याचा निरोप आला होता. तेव्हापासून भाबीला घास जात नव्हता. आत्ताही पुढ्यातलं ताट तसंच होतं. ते पाहूनच सोनाजीनं जीभ मोकळी सोडली.

"पेपरात लिहिलं होतं, वकिलातीत चौकशी करा. मी लगेच गेलो. म्हणलं, साहेब, पासपोर्टावर शिक्का तुमचा, म्हंजे लेकरू तुमच्याकडं अमानत. जसं नेलं तसं परत करा."

"मग?" भाबीनं नकळत भाकरीचा तुकडा मोडला.

"मग काय, साहेब घाबरला. एक न्हाई, दोन विमानं काढली. दुसरं काहून, म्हणलं. तर म्हणतो, पोराची पेटी मागं राहायला नको."

भाबीला हसू फुटलं आणि तुकडा तोंडात गेला. सोनाजीला आणखी चेव आला.

"कळमनुरीच्या त्या वकिलातीचा थाट काय सांगू. दारात टायपिंगवाला, खुंटीला काळा कोट..."

"सोनाजीभाऊ," भाबी भरल्या तोंडानं म्हणाली, "वकिलात म्हंजे परदेशातली आपल्या सरकारची कचेरी. तुमी वकिलाच्या घरी जाऊन आले."