लोरिमर गल्लीतलं नाक

मागे राहिलात तर लाल छत्री शोधा.

दुपारी एकला एडिंबराच्या किल्ल्यावरची तोफ उडते. पाहुणे दचकतात, आम्ही घड्याळ लावतो.

आई फोटो काढताना हमखास मान वळवायची. घरातल्या एकाही फोटोत तिचा चेहरा नीट नाही.

‘पाच तारे. नाक चोळलं आणि पंधरा दिवसांत नोकरी लागली. गाईड मोरॅग फार गमतीशीर.’

इथल्या गल्ल्या अशा की दोन जाडी माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरकावं लागतं.

सोमवारी बाबा कायमचे खाडीपलीकडे फाइफला, आत्याकडे राहायला जाणार होते. शनिवारी म्हणाले, “मोरॅग, त्याआधी मला एकदा वर ने. एफीला हात लावून येतो.”

एफी म्हणजे माझी आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. बाबा पाथरवट. लोरिमर गल्लीतल्या कमानीचा एक फुटका दगड बदलताना त्यांनी नव्या दगडावर तिचा चेहरा कोरला होता, कोपराच्या उंचीवर. आता बाबांना फक्त उजेड आणि अंधार कळतो. गुडघ्यांमुळे ते वीस वर्षांत खालच्या लीथ बंदरातल्या घरून वर जुन्या एडिंबरात चढले नव्हते.

मी रोज चढत होते. लोकांना हे शहर पायी दाखवणं हेच माझं काम.

नाही म्हणता येईना. रविवारी सकाळी निघालो. मी मुद्दाम लांबचा रस्ता धरला, वाटलं, थकतील.

मोठ्या चर्चसमोर फरसबंदीत दगडांचं हृदय आहे. तिथे पूर्वी तुरुंग होता. इथली माणसं जाता-येता त्याच्यावर थुंकतात.

“आलं?” बाबांनी विचारलं.

“एक पाऊल पुढे.”

ते बरोबर मधोमध थुंकले. “डोळे गेले, नेम नाही गेला.”

पाहुणे मात्र इथे थुंकायला लाजायचे. उगाच अवघडून उभे राहायचे. म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी मी पुढच्या लोरिमर गल्लीत त्यांना दुसरं काहीतरी दिलं: या बाईचं नाक चोळलं की नशीब उघडतं. शुद्ध थाप. लोक हसले, रांग लावून चोळू लागले. हळूहळू बाकीचे गाईडही तेच सांगायला लागले. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, “भर माझ्या नाकावर पोट. फक्त बापाला सांगू नकोस.”

“बाबा, दमलात. चहा घेऊ आणि परत जाऊ.”

“चहा फाइफलाही मिळतो.”

गल्लीत आजही रांग होती. म्हातारा माणूस बघून लोकांनी पुढे जाऊ दिलं. मी त्यांचा हात धरून दगडावर ठेवला.

“कपाळ,” ते म्हणाले. “ही बट. इथे छिन्नी सटकली होती.”

बोटं खाली आली. नाकाच्या जागी खळगा होता. ओठही नव्हते. बोटं पुन्हा कपाळावर गेली, तिथून पुन्हा खाली, जिन्याची एखादी पायरी चुकल्यासारखी.

“पावसानं झिजलं, बाबा.”

“पावसानं दगड खरखरीत होतो. हे काचेसारखं आहे.” अंगठा खळग्यात फिरला. “हे हातांनी झालंय.”

मागची बाई प्रेमाने म्हणाली, “आजोबा, नाक चोळा की. नशीब उघडतं.”

“कोण म्हणतं?”

“सगळे गाईड सांगतात.”

बाबांनी मान माझ्याकडे वळवली. सवयीने आणलेली लाल छत्री माझ्या हातात होती. ती त्यांना दिसत नाही, तरी मी पाठीमागे धरली.

“किती वर्षं?”

“एकोणीस.”

“तिला माहीत होतं?”

“होतं.”

“हसली असेल.”

“हो.”

त्यांच्या अंगठ्याला दगडाची भुकटी लागली नव्हती, एवढा तो गुळगुळीत होता. त्यांनी हात तसाच कोटाच्या खिशात घातला.

“सर बाजूला. त्या बाई लांबून आल्या असतील.”

उतरताना मी दंड पुढे केला. त्यांनी भिंत धरली.

१९७१ साली नाक कोरताना बाबांनी ते तिच्या खऱ्या नाकापेक्षा बोटभर मोठं काढलं होतं, पुढच्या तीनशे वर्षांच्या पावसाला पुरावं म्हणून.