डोळ्यावरचं कुंकू

मच्छिंद्र वायरमनला त्या दुरुस्तीतून मिळणार होता एक कागद. सूतगिरणीत अकरा वर्षं तो हंगामी होता. सूत काढायला हंगाम कसला लागतो, हे गिरणीत कुणालाच सांगता आलं नसतं. चेअरमन नानासाहेबांनी शब्द दिला होता, बंगल्यावरचे दिवे नीट कर, एक तारखेला कायमचा हुकूम देतो. तेवढ्यावर मच्छिंद्रच्या बायकोनं, सरूबाईनं, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी खिळा ठोकून टाकला. हुकूम काचेच्या चौकटीत लावायचा होता. आधी कागद तर येऊ दे, असं तो म्हणाला, तर तिचं उत्तर तयार, "खिळा काय खायला मागतोय व्हय?"

दिवे म्हणजे कंपाउंडच्या भिंतीवरचे चार पांढरे गोळे. ते लावायला माणूस लागत नसे. गेटाच्या खांबावर मुंबईहून आणलेली लिंबाएवढी काच होती. अंधारून आलं की ती दिवे लावी, उजाडलं की मालवी. गाव तिला डोळा म्हणे, आणि दिवेलागणीला माणसं मुद्दाम समोरच्या पारावर येऊन बसत. पण दसऱ्यापासून डोळ्याचं बिनसलं. दिवे भर उन्हात जळू लागले. साल शहाऐंशीचं, पाऊस नावापुरता झालेला, शेतातली लाइट कधी येई कधी न येई. टँकरच्या रांगेतल्या बाया बंगल्याकडं बघून म्हणत, "चेअरमनला दिवसाबी दिसंना झालंय जणू."

त्यात शुक्रवारी दुष्काळाची पाहणी करणारे साहेब चहाला यायचे होते. बटण बंद ठेवून अब्रू वाचली असती. पण नानासाहेबांना त्यांच्यादेखत दिवे आपोआप लागलेले हवे होते. दुष्काळाच्या पाहणीत हे कुठं बसतं, ते त्यांनाच ठाऊक.

मच्छिंद्रनं दोन दिवस टेस्टर फिरवला, वायर बदलली, डबी उघडून साफ केली. सगळं ठीक. उरला डोळा. शुक्रवारी दुपारी शिडीवर चढून त्यानं नखानं धूळ खरवडली. खाली कुंकू निघालं. हळद, तेल आणि कुंकू, उन्हानं लाखेसारखं घट्ट झालेलं. खंडेनवमीला ट्रॅक्टर, जीप, कडबा कापायचं यंत्र, सगळ्यांची पूजा झाली होती. नानासाहेबांच्या पत्नी सत्यभामाबाई उदार हाताच्या. घरासाठी राबणारा डोळा तेवढा बिनकुंकवाचा कसा ठेवायचा? त्यांनी शिडी लावून त्यालाही मळवट भरला होता.

मच्छिंद्र उतरला. ओसरीवर नानासाहेबांच्या आई तुळजाबाई माळ ओढत बसल्या होत्या.

"आईसाहेब, काचंवर कुंकू हाय. पुसल्याबिगर चालायचं न्हाय."

माळ थांबली. "सवाशिणीनं लावल्यालं कुंकू पुसायचं? आन् ते तू?"

त्या 'तू'मध्ये काय काय भरलंय, ते मच्छिंद्रला लहानपणापासून पाठ होतं. मग बाईंनीच पुसावं, असं त्यानं सुचवलं. सत्यभामाबाई पदर सावरून आत गेल्या. गड्याला विचारलं, तर त्याला गोठ्यातलं काम आठवलं. भरल्या घरात एका फडक्याला हात मिळेना.

पाच वाजता नानासाहेब आले. सगळं ऐकून घेतलं, आईकडं एकदा पाहिलं, आणि मच्छिंद्रला गेटाबाहेर नेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "पुसून टाक. मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नको."

त्यानं रॉकेलच्या चिंधीनं काच लख्ख पुसली. साहेबांच्या हातात कप असतानाच चारही दिवे लागले. टाळ्या पडल्या. मच्छिंद्र गेटापाशी उभा होता, त्यालाही वाटलं, आपल्यासाठीच.

अठ्ठावीस तारखेला तुळजापूरच्या घाटात नानासाहेबांची जीप उलटली. पाय मोडला. जीपचे ब्रेक कसे होते, ते कुणी तपासलं नाही. कारण घरात आधीच सापडलं होतं.

मच्छिंद्रला बोलावणं आलं. नानासाहेब प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडले होते. सत्यभामाबाई दाराआड रडत होत्या.

"कुंकू कुणी पुसलं?" तुळजाबाईंनी विचारलं.

मच्छिंद्रनं नानासाहेबांकडं पाहिलं. ते छताच्या पंख्याकडं बघत होते. पंखा बंद होता.

"म्या पुसलं."

"कुणाला इचारून?"

या प्रश्नाचं उत्तर खोलीत दोघांना माहीत होतं. एकाला बोलायची बंदी होती, आणि बंदी घालणारा अजून पंख्याकडंच बघत होता. मग तोच बोलला. "जाऊ दे, आई. उद्यापासून यायचा नाही तो."

गिरणीवर नाही की बंगल्यावर नाही, एवढं विचारायचंही मच्छिंद्रला सुचलं नाही. गिरणीच्या फाटकावर दुसऱ्या दिवशी ते कळलं.

एक तारखेपासून तो रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडू लागला. परतायची वाट बंगल्यावरूनच होती. नेमक्या वेळी दिवे लागत. पारावरची माणसं मान डोलावत, मच्छिंद्र खाली बघून पुढं जाई. काम चोख झालं होतं. घरी आला की तो धुळीनं माखलेला सदरा काढून तसबिरीशेजारच्या खिळ्याला अडकवी. सरूबाई सदऱ्याची बाही तसबिरीवर येऊ नये म्हणून जरा बाजूला सारी.

नानासाहेबांचा पाय दोन महिन्यांत जुळला. त्याला कारण पुन्हा लावलेलं कुंकू, असं म्हातारीचं मत. या वेळी ते खांबावर होतं, काचेच्या वीतभर खाली. गावाला संध्याकाळची गंमत परत मिळाली. ज्या घरानं याची किंमत मोजली, तिथं अजून रॉकेलची चिमणीच जळत होती, आणि ती रोज कुणीतरी हातानं लावावी लागे.